मंगळवारच्या घंटा

चर्चच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा विनी जिन्यात होती, हातात नवऱ्याचा, सिरिलचा चहा. तिचा पाय तिथेच अडला. आज मंगळवार. घंटांचा सराव गुरुवारी असतो, आणि मंगळवारी कुणी लग्न करत नाही.

एक ठोका खणखणीत, दुसरा गोधडीखालून आल्यासारखा. म्हणजे लोलकांना एका बाजूने चामडं बांधलं होतं. गावात कुणीतरी गेलं होतं.

आणि ते आपल्याला कळलं कसं नाही? स्कॅलरबी गाव तसं अवाढव्य. चार पब, दोन शाळा, नवी कॉलनी तर संपता संपत नाही. पण त्याला शहर म्हणाल तर लोक अंगावर येतील. खरं तर त्यांचंच बरोबर आहे. इथे खालच्या टोकाला कुणी शिंकलं की वरच्या टोकाला रुमाल निघतो.

विनीला मात्र हल्ली कसलंच भान नव्हतं. बसली की उठायची, उठली की कशाला उठले ते विसरायची. सिरिलचे आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याला तिने ते सांगितलं नव्हतं. "थंडी सरली की बरं वाटेल," एवढंच ती रोज म्हणायची, आणि तोही "हो तर" म्हणायचा.

दार वाजलं. चहा पायरीवर ठेवून ती खाली धावली. दारात शेजारची मेव्हिस होती, काळ्या कोटात, हातात झाकलेलं ताट. मागे खाटीक क्लिफर्ड टोपी काढून उभा.

"धीर धर गं विनी." मेव्हिसने तिला ताटासकट मिठी मारली. हॅमचा वास आला. मयताच्या घरी इथे हॅमच नेतात.

"धीर? कुणासाठी?"

"अगं, सिरिलसाठी."

"सिरिल वर आहे. चहाची वाट बघतोय."

मेव्हिसचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने माडीकडे बोट केलं. "पण पडदे!"

आता विनीच्या डोक्यात प्रकाश पडला. जेवणानंतर सिरिलच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून तिने माडीचे पडदे ओढले होते. रस्त्याकडचे. या गावात ते भर दिवसा एकाच कारणासाठी ओढतात. ती इथलीच, आई गेली तेव्हा तिनेच ओढले होते. पण डोकं ठिकाणावर असेल तर ना!

"ऊन येत होतं गं!"

"ऊन? आपल्याकडे?"

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"एकट्या क्लिफर्डला. देवाशपथ."

"खाटकाला सांगितलंस म्हणजे दवंडीच पिटलीस की!"

क्लिफर्डने टोपी चुरगाळली. "मी काय, हॅम बांधता बांधता दोघी-तिघींना जरासं..."

"अरे, उभा काय राहिलास? पळ! थांबव त्या घंटा!"

क्लिफर्ड पळाला. शाळा सोडल्यापासून तो पहिल्यांदाच पळत असावा. तेवढ्यात वरून काठी आपटल्याचा आवाज आला, आणि विनी जिना चढली.

सिरिल उशीला टेकून, मान कलती करून ऐकत होता. उभा जन्म त्याने त्या मनोऱ्यातली सगळ्यात मोठी घंटा ओढली होती.

"कोण गेलं?"

"म्हातारा टॉर्डॉफ." तोंडाला येईल ते नाव तिने घेतलं.

"टॉर्डॉफ? तो चॅपलला जाणारा, वेगळ्या पंथाचा. त्यांच्यासाठी चर्चच्या घंटा कधीपासून वाजायला लागल्या?"

विनी चादर नीट करू लागली. ती नीटच होती.

"मग असेल कुणी कॉलनीतलं."

"कॉलनीतल्यासाठी सहाच्या सहा घंटा? घंटा ओढणारा तो बर्ट गुडघ्यांचं कारण सांगून नाताळलासुद्धा वर चढला नाही, आणि आज चढला?" त्याने पुन्हा कान दिला. "मोठी मागे पडतेय. माझ्या दोरावर कोण आहे?"

ओढलेल्या पडद्यांकडे सिरिलने पाहिलं. मग तिच्याकडे.

"ऊन होतं," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "ऊन होतं रे, नुसतं ऊन होतं!"

तिकडे घंटा एकमेकींत अडखळल्या आणि एकेक करत गप्प झाल्या. क्लिफर्ड पोचला असावा.

"थांबले का?"

"मी थांबवायला सांगितलं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तू जिवंत आहेस!"

"सध्या," सिरिल म्हणाला.

या घरात हे इतकं उघड आजवर कुणी बोललं नव्हतं. विनीने तोंडावर हात धरला.

"मला माहीत आहे गं," तो म्हणाला. "तुला खोटं बोलता येत असतं, तर बिचाऱ्या टॉर्डॉफला मारलं नसतंस."

ती रडता रडता हसली, आणि मग नुसतीच रडली. तो तिचा हात धरून राहिला.

"चांगलं वाजवत होते," मग तो म्हणाला. "पुरं करायला सांग त्यांना."

"सिरिल! काहीतरीच काय!"

"त्या दिवशी मला ऐकू येणार आहे का?"

विनी खाटेच्या कडेवर बसली. उठली. पुन्हा बसली. मग तरातरा खिडकीशी गेली, पडदे दोन्हीकडे सारले आणि काच वर ढकलली. खाली अर्धा रस्ता भरला होता. मेव्हिस ताट घेऊन तिथेच होती. क्लिफर्ड धापा टाकत परत येत होता. विनीला पाहून त्याने दोन्ही हात वर केले. थांबवलं, थांबवलं.

विनी कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि पार टोकाच्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"वाजवा म्हणावं! पुरं वाजवा! तो ऐकतोय!"