डावीकडे पिवळा, उजवीकडे निळा

खोलीच्या भिंतीवर दोन पट्टे मारून पेंटर बाजूला झाला. "काका, देख लो. कौन-सा करना है?"

गुणवंतराव खुर्चीतून उठले. चाळीस वर्षं राइट टाउनमध्ये रंगाचं दुकान चालवलं, पण शेड कार्ड कधी उघडलं नाही. जवळच्या पनागर गावचे लोक भिंतीचा पोपडा पुडीत बांधून आणायचे आणि हे नुसतं बघून हुबेहूब तोच रंग बनवून द्यायचे. त्याचा तोरा अजून होता.

डोळ्याच्या दुसऱ्या ऑपरेशनला आज दहा दिवस झाले होते. याउपर उपाय नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. "दिसून राहिलं मला, चांगलं दिसून राहिलं," असं गुणवंतराव रोज सांगत. त्यांच्या बायकोचा, कुंदाताईंचा, त्यावर विश्वास बसला होता. दुसरं करणार काय?

डावीकडे पिवळा मार, उजवीकडे निळा, असं सकाळी त्यांनीच पेंटरला दोनदा बजावलं होतं. पेंटरच्या हाती निळ्याचा डबा आधी लागला. त्याने डावीकडे निळाच मारून टाकला, आणि उजवीकडे पिवळा.

गुणवंतराव भिंतीपाशी गेले. मान तिरपी करून त्यांनी दोन्ही पट्टे निरखले.

"पिवळा काहून घ्यायचा? शाळेवानी दिसते," ते म्हणाले. "हा निळा घेऊ. डोळ्याला कसा थंड वाटते." आणि त्यांनी उजवीकडच्या ओल्या पट्ट्यावर बोट टेकवलं.

पेंटर काही बोलणार, तेवढ्यात कुंदाताईंनी हातानेच त्याला थांबवलं. आता या घरातले रंग त्यांना एकटीलाच दिसणार होते.

"भैया, नीला ही कर दो," त्या म्हणाल्या.

पेंटर खाली बघत डबे आवरू लागला.

दुकानातल्या सवयीने गुणवंतरावांनी खांद्यावरच्या पांढऱ्या पंच्याला बोट पुसलं आणि पंचा बायकोपुढे धरला.

"हा आत्ताच भिजू घाल कुंदा. निळा एकदा वाळला की मग निघत नाही."

पंच्यावर बोटभर पिवळी रेघ उमटली होती. कुंदाताईंनी तो हातात घेतला.

"हो ना," त्या म्हणाल्या. "चांगलाच निळा झाला."