सख्ख्या लेकीचा भत्ता

“डोकं आधी पुढे झुकवायचं, वन्सं. मागे टेकवून पाणी पाजलं की आईंना ठसका लागतो.”

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आईला पातळ पाणी गिळवत नसे. वहिनीने पाण्यात पावडर घोटून ते खळीसारखं दाट केलं आणि चमचा नणंदेच्या हातात दिला. नणंदेने नाक मुरडलं. असली कामं वहिनीलाच शोभत. दादा गेला तेव्हाच हिने खरं तर माहेरची वाट धरायची. पण ही इथेच चिकटली, आईचं गू-मूत काढत. अकलेचा उजेड पहिल्यापासूनच. घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला सरकारने भत्ता सुरू केला, तरी हिला अर्ज करायचं सुचलं नाही. नणंदेला सुचलं. ती सख्खी लेक होती.

लेक आईपाशी कायमची राहायला आली आहे, हे आज तपासनीस बाईंना पटलं की काम फत्ते.

“कूस कशी बदलायची, पाहिलंत ना?”

“पाहिलं गं बाई! परीक्षा माझी आहे, तुझी नाही.”

दाराशी एक फुगलेली बॅग होती. नणंद तर नुसती पर्स घेऊन आली होती.

“हे काय गं?”

“राहायला आलेल्या माणसाचं सामान नको दिसायला?”

जन्मात पहिल्यांदा हिचं डोकं चाललं, नणंदेला वाटलं.

तपासनीस बाई आल्या. त्यांनी आईची पाठ पाहिली, टाचा पाहिल्या. कुठे ओरखडा नव्हता.

“आजी, तुमचं सगळं कोण करतं?”

“लेक,” आई वाकड्या तोंडाने म्हणाली. “सून काय, परक्याची.”

वहिनी खिडकीशी टॉवेलची घडी घालत राहिली.

नणंदेने पाणी पाजलं. ठसका लागला नाही.

“छान जमतंय. आणि या कोण?”

“ही होय? असते घरात. सांगितलं तर करते काहीबाही,” नणंद म्हणाली.

“बरं. आता नीट ऐका. तुमचं नाव मी मंजूर केलंय, म्हणजे आजपासून पेशंट तुमच्या जबाबदारीवर. टाकून गेलात तर भत्ता बंद होतोच, वर खटलाही होतो.”

“आईला टाकून जाईन मी? सामानच आणलंय, ते बघा!”

बाईंनी दाराकडे पाहिलं, नणंदेची सही घेतली आणि त्या गेल्या.

नणंद खुर्चीत ऐसपैस रेलली. संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं. नवऱ्याला तिने तसंच सांगितलं होतं. भत्ता तिच्या खात्यात पडेल, राबायला ही बिनपगारी आहेच. आईसुद्धा उशीवर गालातल्या गालात हसत होती.

“वहिनी, चहा टाक जरा. आणि ती बॅग उचल आता दारातून. पायात येते.”

“उचलते,” म्हणत वहिनीने पायात चपला सरकवल्या, बॅग खांद्याला लावली आणि जिना उतरता उतरता मागे न बघता म्हणाली, “रात्रीच्या दुधातही पावडर घाला, वन्सं. नाहीतर ठसका लागेल.”