वकिलाचा खोकला

"तुमचा पोपट ठणठणीत आहे, काका," पक्ष्यांची डॉक्टरीण हात धुताधुता म्हणाली.

"मग तो खोकतो कसा?" म्हातारा टेबलापाशी छाती काढून उभा होता. त्याचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. कुठे काय सैल झालंय ते तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा आणि समोरच्याला ते पटवून दिल्याशिवाय सोडायचा नाही. "कानाला माझ्या फसवू नका. खोकला म्हणजे खोकला!"

टेबलावरच्या पिंजऱ्यात राखी रंगाचा, लाल शेपटीचा पोपट मान तिरकी करून दोघांचं ऐकत होता. घरातल्या प्रत्येक भांडणात तोंड घालायचा, म्हणून त्याचं नाव वकील.

"हे बघा. वजन उतरलेलं नाही. पिसं फुगवून बसत नाही. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत नाही, चोच उघडी पडत नाही, नाक कोरडं आहे. पक्ष्यांमध्ये हेच शोधावं लागतं. कारण ते दुखणं लपवतात. रानात आजारी दिसला तो संपला. म्हणून पार कोसळेपर्यंत खातात, गातात, काही झालंच नाही असं दाखवतात."

"हा कुठे लपवतोय? अख्ख्या जिन्याला ऐकू जातं!"

परवा म्हातारा चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतला होता, तेव्हा दाराबाहेरूनच त्याला खोकला ऐकू आला. आत बायको पिंजरा पुसत होती. "वकील खोकतोय हो," ती म्हणाली होती. मग मात्र, लाडात येऊन करतोय, उगाच दवाखान्यात नेऊ नका, असं तिने दहादा सांगितलं. पण बायकोचं ऐकून गप्प बसेल तो हा कसला!

"मीही ऐकला मघाशी," डॉक्टरीण म्हणाली. "मदतनीस बाई बाहेर गेली, दार लागलं, तेव्हा. ओला आणि जुना खोकला आहे, शेवटी बारीक शिट्टी वाजते. पण पोपटाला असा छातीतून खोकला येतच नाही, काका. आपल्यासारखा श्वासाचा पडदाच नसतो त्याच्या छातीखाली. तो माणसाची नक्कल करतोय." तिची नजर त्याच्या सिगारेटने काळवंडलेल्या ओठांवर गेली. "तुम्ही छाती दाखवून घ्या."

म्हाताऱ्याचा पारा चढला.

"सिगारेट सोडून जमाना झाला! गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन काय झालं, मी काचेचं भांडंच झालो. जड उचलू नका, चिडू नका, वाईट काही ऐकू नका. बायकोने टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा बंद केल्यात. आणि आता पोपटाची डॉक्टर माझी छाती बघणार? जमणार नाही! औषध द्या याला."

"निरोगी पक्ष्याला मी औषध देणार नाही. चिडा खुशाल."

शेराला सव्वाशेर भेटला होता. म्हाताऱ्याने पिंजरा उचलला आणि दार आपटून तो निघून गेला.

एक्स-रे काढला तो निव्वळ खुन्नस म्हणून. बाईचे दात तिच्याच घशात घालायचे होते. घरी त्याने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. पण थंडगार पत्र्याला छाती टेकवून श्वास रोखला, तेव्हा तो घाबरला. मरणाला तो भीत नव्हता. आपण गेलो तर ती एकटी पडेल, तिला साधा दिव्याचा बल्बसुद्धा बदलता येत नाही, हा विचार त्याला सोडेना.

दोन दिवसांनी तो पुन्हा दवाखान्यात हजर. एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट.

"बघा! छातीचा डॉक्टर म्हणाला, तरण्या पोराला लाजवतील अशी फुप्फुसं आहेत. कुठे आहे तुमचा जुना खोकला? कुठे गेली शिट्टी?"

डॉक्टरणीने फिल्म उजेडासमोर धरली. बराच वेळ बघितली. फुप्फुसांत खरंच काही नव्हतं.

"चुकले मी, काका," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि ते खरं होतं. "देव पावला म्हणायचं."

"नुसतं चुकले म्हणून भागायचं नाही. आता याला नीट तपासा. कोण खोकतंय ते शोधून काढा!"

"ठेवा त्याला इथे दिवसभर. माझं काम चालू असताना मी त्याच्यावर लक्ष ठेवते."

म्हातारा खूश झाला. आयुष्यभर यंत्रांशी, मालकांशी, नंतर डॉक्टरांशी भांडत आला होता तो. आजचं भांडण जिंकल्यासारखं त्याला वाटत होतं. पिंजऱ्याशी वाकून त्याने पोपटावर बोट रोखलं.

"वकील, काय ते खरं सांगायचं बाईंना. कुणाच्या बापाला भ्यायचं नाही!"

पोपटाने त्याच्याकडे एका डोळ्याने बघितलं आणि चोच मिटून बसला.

म्हातारा बाहेर आला. मागे दाराची कडी खट्कन लागली. तो चपला पायात सरकवतो न सरकवतो तोच आत खोकला सुरू झाला. ओला, खोल, शेवटी शिट्टी वाजवणारा.

"ऐकलंत?" असं ओरडायला तो मोठ्या फुशारकीने वळला. कडीला हात घातला.

आतला खोकला थांबला. मग दारापलीकडून, धाप लागलेला, दबका, त्याच्या बायकोचा आवाज आला:

"वकील, चुगली नाही हं करायची. ह्यांना कळू द्यायचं नाही."