परळीतला आर

बीडच्या मैत्रिणीचं, सुकन्याचं उत्तर आलं होतं. इंग्रजी अक्षरात मराठी, दोनच ओळी.

‘पालीला कुठलं आलंय स्टँड? धरणापाशी थांबते दहाला. ओरिजिनल सगळे घेते.’

रोहिणीनं परत वाचलं. पालीला कावून?

तिनं सकाळी पाठवलेला आपलाच मेल उघडला. ई-रीडरचं पान काळं झालं, पांढरं झालं, मग अक्षरं आली. ‘उद्या दहा. पाली स्टँड.’ तिनं परळी लिहिलं होतं. पण हे पुस्तक वाचायचं यंत्र. ह्याच्यावर अक्षर दमानं उमटतं, घाईत दाबलं की एखादं राहून जातं. आर राहिला होता. परळीची पाली झाली होती.

त्यांच्या धर्मापुरीहून परळी जवळ. पाली पार बीडपाशी. उद्या रोहिणी आईसंगं साडी घ्यायला परळीला जाणार, आणि सुकन्या आपल्याकडं ठेवलेले रोहिणीचे सगळे कागद घेऊन तिकडं धरणावर उभी राहणार. सोमवारी नाशिकच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं, ओरिजिनल सर्टिफिकेटं दाखवून. नेमणुकीचं पत्र ह्याच यंत्रात होतं, नर्सिंगच्या पुस्तकांच्या यादीत. घरात कुणाला कळू नये म्हणून तिनं त्याचं नाव बदलून ‘औषधांची मात्रा’ ठेवलं होतं.

ती लिहायला बसली तेवढ्यात बाहेरून आदिनाथचा आवाज आला.

“आई, गाडीची किल्ली कुठाय? मी अंबाजोगाईला निघालो. उद्या येतो.”

रोहिणीचं बोट थांबलं.

आदिनाथ थोरला भाऊ. अकरा दिवसांपूर्वी पाव्हण्यांसमोर ती “आत्ता लग्न करायचं न्हाई” म्हणली, तवापासून तिचा मोबाईल त्याच्या कपाटात होता. ई-रीडर मात्र त्यानं राहू दिला. घरात त्याला पाटी म्हणायचे. “पाटी राहू द्या तिला. त्याला फोन लागत न्हाई,” तो म्हणला होता. खरं होतं. फोन लागत नव्हता. पण आदिनाथच्या मोबाईलचं नेट बाहेरच्या टीव्हीला जोडलेलं असायचं, आणि पाटीलाही. ते त्याला माहीत नव्हतं. तो गेला की नेट गेलं. आणि परळीला दहाला पोचायचं तर सुकन्याला बीडहून सकाळी सहालाच निघावं लागणार होतं.

किल्ली वाजली.

“दादा,” रोहिणी म्हणली.

अकरा दिवसांत ती पहिल्यांदा बोलली त्याला. आईचा, छबुबाईचा भाकरी थापणारा हात थांबला.

“जेवून जा. भाकरी गरम हाय.”

आदिनाथ दारात आला. तिच्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग चपला काढून खाली बसला.

रोहिणीनं ताट केलं. पिठलं, ठेचा, कांदा. पाटी पिठाच्या डब्यावर टेकवून ठेवली, आपल्या हाताशी. भाकरी वाढायची, बोट ओढणीला पुसायचं, एक अक्षर दाबायचं. ते उमटेपर्यंत थांबायचं.

“स्वयंपाकघरातबी पाटी?” आदिनाथ म्हणला.

“वाचू दे रे,” छबुबाई म्हणली. “बोलली ना आज.”

“मी काय म्हणलो का? वाच बापा. डॉक्टरीण हो.”

पी. ए. आर. रोहिणीनं आर नीट बघितला. हाय. एल. आय.

“म्हणजी राग गेला म्हणायचा तुझा,” आदिनाथ म्हणला. तो ताटाकडं बघून बोलत होता.

रोहिणीनं पाठवायचं बटन दाबलं. पानावर छोटं गोल फिरायला लागलं.

“गेला ना?”

“हो,” ती म्हणली.

“तसं न्हाई. पोरगा चांगलाय म्हणून म्हणतो मी. तुला काय बांधून घालायचंय का आमाला?”

रोहिणीनं कांदा त्याच्याकडं सरकवला. गोल फिरत होतं.

“मग कळवून टाकतो त्यांला. या म्हणावं मंगळवारी.” त्यानं डाव्या हातानं खिशातला मोबाईल काढला.

तो फोनवर बोलायला लागला की नेट बंद पडायचं. हे रोहिणीला पाठ होतं.

“दादा, आधी जेव. पाव्हणे काय पळून चाललेत का?”

आदिनाथ हसला. “बघ आई. आत्तापासूनच घाई झाली हिला.”

छबुबाईही हसली. लई दिवसांनी घरात कुणी हसलं होतं. त्यानं मोबाईल पालथा घालून ताटाशेजारी ठेवला आणि भाकरी मोडली.

रोहिणीनं पिठलं वाढलं. मग ठेचा. मग परत पिठलं.

“बास की.”

“थोडं.”

“अगं, गाडी चालवायचीय मला. झोप येईल.”

“तव्यावरची हाय. एकच घे.”

आदिनाथनं ताटावर हात आडवा धरला. नको म्हणजे नको.

पाटीचं पान काळं झालं. पांढरं झालं. मेल गेला होता.

रोहिणीनं सोडलेला श्वास तिला स्वतःलाच ऐकू आला. आता तो उठला तरी चालणार होतं. आता त्यानं फोन लावला तरी चालणार होतं. ती भाकरी परत टोपल्यात ठेवायला वळली.

“वाढ बरं,” आदिनाथ मागून म्हणला. त्यानं ताटावरचा हात बाजूला घेतला होता. “इतका आग्रह करायलीस तर. तू गेल्यावर असं गरम कोन वाढनार हाय आमाला?”

भाकरी हाताला पोळायला लागली तरी रोहिणी तशीच उभी होती.