मागण्याचा हक्क

“मागणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे!” सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, गिरिजा गरजली, आणि शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजोबांनी घाईघाईनं आपल्या नूडल्स जवळ ओढल्या. भीक मागण्यावरच्या बंदीविरुद्ध ती सह्या गोळा करत होती. व्हीलचेअरवरून टिश्यूची पाकिटं पुढं करून पैसे मागणाऱ्या तान अंकलसाठी. तिच्या नवऱ्याला, पांडुरंगला, कायद्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला अंकलच खुपत होते. गिरिजा त्यांच्याशी तश्शी हसायची, जशी पूर्वी पांडुरंग सहा महिन्यांनी बोटीवरच्या नोकरीतून परतल्यावर त्याच्याशी हसायची. निवृत्त झाल्यापासून मात्र तो रोजच घरी. “अहो, सही करा.” “बंदीच बरी.” “ते मागतात, तुमचं काय जातं?” “मागायला मलाही येतं.” “मग मागा की! कुणी अडवलंय?” पांडुरंगनं सही केली, आसपास कुणी मराठी नाही हे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, “घरी जाताना माझा हात धरशील?”