नारिंगी पाकिटं

फेब्रुवारीत स्वीडनमधल्या उमेओमध्ये घरोघरी पेन्शनच्या वार्षिक हिशेबाची नारिंगी पाकिटं येऊन पडली. दरवर्षी स्टेलानच ती उचलून कपाटात ठेवायचा. यंदा मारितच्या हाती आधी लागली. तिने कॉफी ओतली, वेलचीचे बन मांडले आणि नवऱ्याला हाक मारली, “ये रे, बघू तरी म्हातारपणी कोण कोणाला पोसणार ते!”

मुलं लहान असताना तिने अर्ध्या वेळेची नोकरी पत्करली होती, ती स्टेलानच्या शब्दावर. तिथल्या नियमाप्रमाणे नवऱ्याने जानेवारीअखेरपर्यंत एक फॉर्म भरला, की त्याच्या पेन्शनमधला एक वाटा दरवर्षी बायकोच्या नावे जमा होतो. “भरला फॉर्म, आता निर्धास्त राहा,” असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. एकोणीस वर्षं ती निर्धास्त राहिली. वर मैत्रिणींना तोऱ्यात सांगत आली, “नवरा असावा तर असा!”

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्याचा आकडा तिच्या तिप्पट होता. तिच्या कागदावर ‘जोडीदाराकडून मिळालेली रक्कम’ या ओळीपुढे शून्य होतं.

“स्टेलान, तू फॉर्म भरलाच नाहीस?”

त्याने उष्टा बन बशीत ठेवला.

 

“भरणार होतो गं. पण दर जानेवारीत वाटायचं, यंदा तुला सोडून जायचंच आहे, मग कशाला उगाच?”