उजव्या गुडघ्याचा अंदाज

"ताई, माझा उजवा गुडघा एकदम लुळा पडलाय गं! कुणी हातसुद्धा लावला नाही!" कबड्डीच्या मैदानावरून निनादचा फोन आला आणि केतकीची नजर समोरच्या लॅपटॉपवर गेली.

अमेरिकन फुटबॉलवर पैजा लावणाऱ्यांसाठी ती सांगलीत बसून सामन्यांचे अंदाज लिहायची. आकडेवारी जुळवताना खेळाडूच्या जागी गमतीने भावाचं नाव टाकायची, शेवटी बदलायची. आज नेमकी विसरली! वेबसाइटवर झळकत होतं, 'निनादचा उजवा गुडघा दगा देण्याची शक्यता नव्वद टक्के.'

तिने घाईघाईने नाव खोडलं.

"आयला, बरा झाला की!" निनाद फोनवर ओरडला.

तेवढ्यात पडद्यावर सूचना उमटली, 'जागा रिकामी ठेवल्यास जुनंच नाव परत येईल.'

आता कुठल्या परक्याच्या पोराचा गुडघा घालवायचा? केतकीने स्वतःचं नाव लिहिलं आणि उठण्याआधी टेबल घट्ट धरलं.